पोट दुखते, की मन?

सकाळ होते. शाळेची वेळ होते. पोरगा म्हणतो, "आई, पोटात दुखतंय." आई ओवा देते. शाळा भरून गेली की पोट थांबते. रविवारी तर ते दुखतच नाही. समजा, असे पंधरा दिवस चालले.

बाप म्हणतो, "सोंग करतंय. दोन रट्टे द्या." आजी म्हणते, "दृष्ट लागली. मीठ-मिरच्या ओवाळून टाका." डॉक्टर तपासतात. पोटात काहीच सापडत नाही.

मग पोरगा खोटे बोलतो काय? नाही. दुखणे खरेच आहे. मन घाबरले की पोट ढवळते, छाती धडधडते. कोर्टाची तारीख असली की आपल्यालाही घास जात नाही. 'मला भीती वाटते' हे लहान मुलाला नीट सांगता येत नाही. म्हणून ते पोट दाखवते.

यावर उपचार आहे. तो समुपदेशक करतो. तो आधी मुलाशी खेळतो. चित्र काढायला देतो. मातीची बैलजोडी करायला लावतो. खेळता खेळता मूल मनातले बोलते. कधी मोठी पोरे त्याला छळत असतात. कधी वाचता येत नाही म्हणून वर्ग हसतो. कधी घरातल्या भांडणाचा धसका असतो.

कारण कळले की भीती हळूहळू घालवायची. पोहायला शिकवताना आपण पोराला एकदम खोल पाण्यात ढकलत नाही. पाठीला डबा बांधतो, हात धरतो. तसेच हे. पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकापर्यंत जायचे. मग प्रार्थनेपुरते थांबायचे. मग एक तास बसायचे. प्रत्येक पायरीला शाबासकी द्यायची. मार द्यायचा नाही. मारल्याने भीती वाढते. मास्तरांनाही सांगून ठेवायचे.

समुपदेशक आईबापांनाही बोलावतो. कोणी म्हणेल, "पोर आजारी, मग आम्ही कशाला?" रोप सुकले तर आपण नुसती पाने पाहत नाही. माती पाहतो, पाणी पाहतो. घर म्हणजे मुलाची माती. कधी सारे घर एकत्र बसवून बोलावे लागते. कधी औषधही लागते. ते डॉक्टरांनीच द्यायचे. आपल्या मनाने बंद करायचे नाही.

वयात आलेल्या मुलामुलींचे दुखणे निराळे दिसते. ती गप्प होतात, चिडतात. झोप जाते, भूक जाते. सोबती नकोसे होतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मनाचे निम्मे आजार वयाच्या 18 वर्षांच्या आतच सुरू होतात. म्हणून 'वय आहे, जाईल' म्हणून सोडू नये. समुपदेशक अशा मुलांशी एकांतात बोलतो. त्यांचे बोलणे गावभर करत नाही. जिवाला धोका दिसला, तरच घरच्यांना सांगतो.

मुलगा किंवा मुलगी "मला जगायचंच नाही" म्हणाली, तर हसण्यावारी नेऊ नका. जवळ बसा. सरळ विचारा, "जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?" विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. उलट मन हलके होते. मुलाला एकटे सोडू नका. फवारणीचे औषध कुलपात ठेवा, किल्ली आपल्याजवळ ठेवा. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मदत कोठे मिळेल? जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांची चौकशी करा. 14416 या क्रमांकावर फोन करा. ही सरकारची 'टेली मानस' सेवा 2022 साली सुरू झाली. ती फुकट आहे, रात्रंदिवस चालते, मराठीत बोलता येते. मुलाचा कोणी छळ करत असेल, तर 1098 हा क्रमांक लावा. मनाच्या आजारावर सरकारी दवाखान्यात उपचार मिळणे हा 2017 च्या कायद्याने आपला हक्क आहे.

हाड मोडले तर आपण लाजत नाही. मन दुखले तर लाज कशाची?

नवा शब्द
समुपदेशक : ऐकून, बोलून, समजावून मनावर उपचार करणारा जाणकार.

उत्तरे सांगा
1. रविवारी पोट का दुखत नव्हते?
2. आईबापांना का बोलावतात?
3. आपल्या घरात फवारणीचे औषध कोठे ठेवले आहे? आज घरी जाऊन पाहा.