प्रिन्सिपल नसलेलं कॉलेज

‘आजपासून या कॉलेजला प्रिन्सिपल नाहीत’ अशी नोटीस उद्या बोर्डवर लागली तर आपल्या होस्टेलवर काय होईल? पहिले चार दिवस दिवाळी. पाचव्या दिवशी मेसच्या भाजीत काहीतरी सापडणार आणि तक्रार कोणाकडे न्यायची यावरून भांडण सुरू.

मित्रांनो, असं एक कॉलेज खरंच होतं, आणि एकदोन नाही, तब्बल ७९ वर्षं होतं. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, शार्लट्सव्हिल गावाजवळ. नाव युनिव्हर्सिटी ऑफ व्हर्जिनिया. १८२५ मध्ये तिथे पहिलं लेक्चर झालं आणि पहिला प्रेसिडेंट, एडविन ऑल्डरमन, आला १९०४ मध्ये. मधल्या काळात रोजचा कारभार प्रोफेसरांनी स्वतः चालवला. तो कसा चालला, मुलं कशी वागली, प्रकरण एका खुनापर्यंत कसं गेलं आणि मग गाडी रुळावर कशी आली, ते या लेखात बघू.

कल्पना कोणाची?

ही कल्पना थॉमस जेफरसन यांची. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारे आणि देशाचे तिसरे राष्ट्राध्यक्ष. म्हातारपणी त्यांनी एकच ध्यास घेतला, आपल्या राज्यात एक चांगलं विद्यापीठ काढायचं. १८१९ मध्ये सरकारची सनद मिळाली.

त्या काळचं नेहमीचं अमेरिकन कॉलेज म्हणजे वर एक पाद्री प्रेसिडेंट, सक्तीची प्रार्थना, आणि सगळ्यांना सारखाच कोर्स. लॅटिन, ग्रीक, गणित पाठ करायचं आणि सरांपुढे म्हणून दाखवायचं. जेफरसन यांनी हे सगळं बाजूला ठेवलं. कॅम्पसच्या मानाच्या जागी चर्चऐवजी लायब्ररी बांधली. ती रोटुंडा नावाची घुमटाची इमारत, रोमच्या पॅन्थिऑनच्या धर्तीवर. विषय मुलांनी आपले आपण निवडायचे. म्हणजे आपण ज्याला ‘इलेक्टिव्ह’ म्हणतो, ते तिथे पहिल्या दिवसापासून होतं.

बांधकामाचा प्लॅनही बघण्यासारखा आहे. मधे लांबलचक हिरवळ, तिला म्हणतात लॉन. दोन्ही बाजूंना मिळून दहा पॅव्हिलियन, त्यांत प्रोफेसरांचं घर आणि त्यांचा वर्ग एकाच छताखाली. आणि पॅव्हिलियनच्या मधे मधे मुलांच्या खोल्या, लॉनवर एकूण ५४. म्हणजे भिंतीच्या अलीकडे तुम्ही आणि पलीकडे तुमचे मॅथ्सचे सर! जेवणासाठी मागच्या रांगांमध्ये सहा ‘हॉटेलं’ होती. नाव हॉटेल, पण काम आपल्या मेसचं. १९८७ मध्ये युनेस्कोने हा सगळा परिसर जागतिक वारसा म्हणून जाहीर केला.

कारभाराची रचना

सगळ्यात वर ‘बोर्ड ऑफ व्हिजिटर्स’. नियम, फी, प्रोफेसरांची नेमणूक हे त्यांच्या हातात. या बोर्डाच्या अध्यक्षाला ‘रेक्टर’ म्हणत आणि पहिले रेक्टर स्वतः जेफरसन होते. (आपले रेक्टर होस्टेलचे, हे लक्षात ठेवा, नाहीतर गोंधळ होईल.)

बोर्ड वर्षातून थोड्याच वेळा भेटायचं. रोजचा कारभार ‘फॅकल्टी’कडे, म्हणजे सगळ्या प्रोफेसरांच्या मिळून सभेकडे. त्यांच्यातलेच एक जण वर्षभरासाठी चेअरमन. पहिले चेअरमन जॉर्ज टकर. चेअरमनने लेक्चरही घ्यायचं, आणि मुलांच्या भानगडीही निस्तरायच्या. काही बिघडलं की फॅकल्टी कोर्टासारखी बसायची. मुलाला बोलवायचं, साक्षी घ्यायच्या, मत टाकून शिक्षा ठरवायची. १८२७ पासून चेअरमन रोजनिशीही लिहायला लागले. कोण दारू पिऊन आला, कोणी गोळी झाडली, सगळं त्यात आहे. आजचे इतिहासकार त्याच नोंदींवरून लिहितात.

याशिवाय जेफरसन यांची आणखी एक आवडती योजना होती. किरकोळ गुन्ह्यांचा निवाडा मुलांमधल्याच सहा शहाण्या ‘सेन्सर’नी करायचा. ती चाललीच नाही. कारण साधं आहे. मित्राविरुद्ध बोलायला कोणी तयार होईना. जमीनदारांची ही मुलं लहानपणापासून ‘ऑनर’ हा शब्द ऐकत वाढलेली. त्यांच्या दृष्टीने ऑनर म्हणजे अपमान सहन न करणं आणि मित्राचं नाव न सांगणं. हा शब्द लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

पहिल्याच वर्षी दंगा

पहिल्या प्रोफेसरांपैकी पाच जण युरोपातून आणलेले होते. हुशार होते, पण मुलांना ते परके वाटले. १ ऑक्टोबर १८२५ च्या रात्री मुखवटे घातलेली मुलं लॉनवर ‘युरोपियन प्रोफेसर मुर्दाबाद’ अशा अर्थाच्या घोषणा देत निघाली. दोन प्रोफेसर त्यांना पकडायला बाहेर आले, तर त्यांच्यावर विटा आणि काठीने हल्ला झाला. दुसऱ्या दिवशी मुलांनी माफी मागितली का? छे! ६५ जणांनी सही करून एक कागद दिला. चूक प्रोफेसरांचीच, आणि आम्ही कोणाचं नाव सांगणार नाही. दोन इंग्लिश प्रोफेसरांनी राजीनामे पुढे केले.

३ ऑक्टोबरला बोर्ड रोटुंडात बसलं. समोर सगळी मुलं. टेबलापाशी दोन माजी राष्ट्राध्यक्ष: जेफरसन आणि मॅडिसन. ८२ वर्षांचे जेफरसन बोलायला उभे राहिले. आयुष्यातला हा फार दुःखाचा प्रसंग आहे एवढंच कसंबसं म्हणाले, आणि त्यांना पुढे बोलवेना. ते खाली बसले. दुसऱ्या सभासदाने मुलांना पुढे यायला सांगितलं, आणि जी मुलं काल नाव सांगायला तयार नव्हती, ती आपण होऊन पुढे आली. तिघांना काढून टाकलं. त्यातला एक जेफरसन यांच्याच नात्यातला होता.

मला इथे एक गोष्ट विशेष वाटते. मुलांनी मित्रांची नावं तेव्हाही सांगितली नाहीत. त्यांनी स्वतःची नावं सांगितली.

मग नियमच नियम

पण बोर्डाने यातून काढलेला धडा वेगळा होता. जेफरसन यांचं निधन ४ जुलै १८२६ ला झालं, आणि त्या सुमाराला नियम वाढतच गेले. पहाट फुटता उठून तयार व्हायचं. राखाडी कापडाचा युनिफॉर्म घालायचा. घरून आलेले पैसे अधिकाऱ्याकडे जमा करायचे. दारू, जुगार, हत्यारं बंद.

आणि प्रत्यक्षात? मुलं युनिफॉर्मवर चढवायला दुसरे कोट ठेवायची, पत्ते खेळायची आणि पिस्तुलं बाळगायची. कवी आणि कथालेखक एडगर ॲलन पो १८२६ मध्ये इथे शिकत होता. एका मारामारीत एकाने दुसऱ्याच्या दंडाला कडकडून चावा घेतला, याचं वर्णन त्याने आपल्या पालकाला पत्रातून कळवलं होतं. स्वतः पो जुगारात सुमारे २००० डॉलरचं कर्ज करून वर्षाच्या शेवटी निघून गेला. जाण्याआधी फॅकल्टीने त्याला साक्षीला बोलावलं. प्रश्न असा, की हॉटेलवाले मुलांबरोबर पत्ते खेळतात आणि दारू पितात का? पो म्हणाला, मी तर हे आत्ताच ऐकतोय. आपल्याकडच्या कुठल्याही चौकशीत दिलं जाणारं हे स्टॅंडर्ड उत्तर, तेव्हाही तेच होतं.

१८३६ मध्ये प्रकरण चिघळलं. मुलांची एक लष्करी कंपनी होती, बंदुका घेऊन कवायत करायची. फॅकल्टीने अटी घातल्या, मुलांनी त्या झुगारल्या, आणि फॅकल्टीने सुमारे ७० जणांना एकदम काढून टाकलं. त्या नोव्हेंबरमध्ये खिडक्या फुटल्या, गोळ्या झाडल्या गेल्या. मुलांना नंतर परत घेतलं, पण त्या बंडाची ‘ॲनिव्हर्सरी’ दरवर्षी आरडाओरडा करून साजरी व्हायला लागली.

१२ नोव्हेंबर १८४० ची रात्र. अशाच एका ॲनिव्हर्सरीला दोन मुखवटेधारी मुलं लॉनवर बार काढत होती. कायद्याचे प्रोफेसर आणि त्या वर्षीचे चेअरमन जॉन डेव्हिस घराबाहेर आले आणि एकाचा मुखवटा काढायला गेले. त्या मुलाने, जोसेफ सेम्सने, जवळून गोळी झाडली. दोन दिवसांनी प्रोफेसर डेव्हिस गेले. वय फक्त ३८. मारणाऱ्याचं नाव सांगायला त्यांनी शेवटपर्यंत नकार दिला.

या वेळी मात्र मुलांची ती चुप्पी तुटली. सेम्सला शोधायला मुलंच बाहेर पडली आणि तो पकडला गेला. पुढे जामिनावर सुटून तो पळाला, खटला कधी उभाच राहिला नाही.

एका सहीची गोष्ट

डेव्हिस यांच्या जागी हेन्री सेंट जॉर्ज टकर आले. त्यांनी ४ जुलै १८४२ ला फॅकल्टीपुढे एक छोटा ठराव मांडला. परीक्षेच्या पेपरवर प्रत्येक मुलाने लिहून सही करायची, की हा पेपर सोडवताना मी कोणाची मदत घेतलेली नाही, हे माझ्या ऑनरवर सांगतो. आम्ही कॉन्व्हेंटवाले ज्याला ‘गॉड प्रॉमिस’ म्हणायचो, साधारण तेच.

बस, एवढंच. पण शब्दाचा अर्थ बदलला बघा. आतापर्यंत ऑनर म्हणजे मित्राबद्दल गप्प राहणं. आता ऑनर म्हणजे स्वतःबद्दल खरं सांगणं. पुढे १८४० च्या दशकातच पहाटे उठायचा आणि युनिफॉर्मचा असे जाचक नियम मागे घेतले गेले.

एका सहीने सगळं सुधारलं असं मात्र समजू नका. १८४५ मध्ये पुन्हा मोठा दंगा झाला. तेव्हा चेअरमन होते सायन्सचे प्रोफेसर विल्यम बार्टन रॉजर्स. हे नाव आपल्यासारख्यांना माहीत हवं. याच रॉजर्स यांनी पुढच्याच वर्षी, व्हर्जिनियात असतानाच, बॉस्टनमध्ये एक पॉलिटेक्निक काढायचा आराखडा लिहिला. नंतर ते बॉस्टनला गेले आणि १८६१ मध्ये त्यांच्या संस्थेला सनद मिळाली. तीच एमआयटी! १८८२ मध्ये तिथे पहिला भारतीय विद्यार्थी गेला, पुण्याचे केशव मल्हार भट.

सहीची पद्धत मात्र टिकली आणि वाढली. हळूहळू कॉपीची चौकशी आणि निकाल हे काम मुलांकडेच आलं. जेफरसन यांच्या ‘सेन्सर’ना जे जमलं नव्हतं, ते पुढच्या पिढ्यांना जमलं. दोषी ठरला तर एकच शिक्षा होती, कायमची हकालपट्टी. २०२२ च्या मतदानात मुलांनीच ती बदलून दोन सत्रं बाहेर राहायची केली, आणि २०२३ मध्ये गुन्ह्याप्रमाणे वेगवेगळ्या शिक्षा आणल्या.

ऑनर कोणाचा?

इथेच लेख संपवला तर अर्धी गोष्ट सांगितल्यासारखं होईल. लॉनवरच्या त्या सुंदर इमारती बांधल्या कोणी? मुलांच्या खोल्यांत पाणी आणि लाकडं कोण आणायचं, झाडलोट कोण करायचं? गुलाम केलेली काळी माणसं. १८१७ ते १८६५ या काळात अशा सुमारे ४००० जणांनी तिथे राबून काम केलं असा अंदाज आहे. मुलं त्यांना मारायची, आणि फॅकल्टीच्या नोंदींवरून दिसतं की त्याची शिक्षा बहुतेक वेळा नाममात्र असायची. ज्याचा शब्द धरायचा तो फक्त गोरा ‘जंटलमन’. पहिला काळा विद्यार्थी, ग्रेगरी स्वॉन्सन, १९५० मध्ये आला, तोसुद्धा कोर्टात जाऊन. सगळ्या वर्गांत मुलींना मुलांच्या बरोबरीने प्रवेश मिळायला १९७० उजाडलं. राबलेल्या त्या माणसांचं स्मारक कॅम्पसवर २०२० मध्ये उभं राहिलं.

आपल्यासाठी काय?

एक. कारभार एका माणसाकडे असो की सभेकडे, नुसत्या नियमांनी शिस्त येत नाही. १८२५ ते १८४० नियम वाढले आणि दंगेही वाढले.

दोन. ‘नाव सांगायचं नाही’ हा होस्टेलचा अलिखित कायदा आहे, आणि मैत्रीत तो छानही वाटतो. पण रॅगिंगच्या चौकशीत सगळी विंग जेव्हा ‘आम्ही झोपलो होतो’ म्हणते, तेव्हा तो कायदा कोणाचं रक्षण करतो? मार खाणाऱ्या फर्स्ट इयरच्या मुलाचं तर नक्कीच नाही. त्यांना हे समजायला एका प्रोफेसरांचा जीव गेला.

तीन, आणि हे जरा आदराने सर आणि मॅडमना. विश्वास आधी मोठ्यांनी टाकावा लागतो. १८४२ चा ठराव मुलांच्या मोर्चातून आला नव्हता, तो स्टाफरूममधून आला होता. आणि तोही चेअरमनच्या खुनानंतर दोन वर्षांच्या आत! त्या वेळी मुलांवर आणखी पहारे बसवणं जास्त सोपं होतं.

आपल्याकडे लगेच सुपरव्हायझर काढून टाका असं मी म्हणत नाही. (तसं झालं तर बॅकबेंचर्स या लेखाची फ्रेम करून लावतील.) पण सुरुवात जर्नलपासून करता येईल. एखाद्या सब्मिशनला पहिल्या पानावर फक्त एक ओळ, ‘हे मी स्वतः लिहिलं आहे’, आणि खाली सही. किती जणांचा पेन तिथे अडतो ते बघू. ज्यांचा अडेल त्यांनी प्रयोग पुन्हा करावा, बाकीच्यांनी कॅन्टीनला यावं. चहा माझ्याकडून.