वडिलांच्या मागे काय जपायचं, काय सोडायचं?



आजच्या चिंतनाला तुकोबारायांचा तो अभंग घेतलाय, ज्यात त्यांनी संतांनी विचारलं म्हणून स्वतःची हकिकत सांगितली आहे. गाथा जवळ असेल तर आधी एकदा शांतपणे वाचा, मग पुढे या.

पप्पा गेले त्याला येत्या कार्तिकात दोन वर्षं होतील. भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर उभं राहून त्यांचं आयुष्य गेलं. रिटायर व्हायला आठ महिने होते. "रिटायर झालो की आळंदी ते पंढरपूर पूर्ण वारी करणार," म्हणायचे. राहून गेलं.

तेव्हा मी ठरवलं, आपलं काही राहू द्यायचं नाही. हप्त्यावर बुलेट घेतली, लडाखला जाऊन आलो, स्टेटसला टाकलं, 'आयुष्य भरभरून जगा'. परत आलो तर तीच चाकणची सेकंड शिफ्ट, तेच ट्रॅफिक आणि घरात पप्पांची रिकामी खुर्ची. फिरण्यात वाईट काही नाही. पण मी पळत होतो, हे आता कळतं.

मग हा अभंग वाचनात आला. आईवडील, कनकाई आणि बोल्होबा, गेले तेव्हा तुकोबा साधारण १७ वर्षांचे होते असं परंपरा सांगते. मोठे बंधू सावजी तीर्थयात्रेला निघून गेले, घर आणि धंदा यांच्या खांद्यावर. त्यात १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. पैसा गेला, मान गेला, एक पत्नी अन्न अन्न करत गेली. जिवाला लाज वाटत होती, धंद्यात तोटा येत होता, हेही ते लपवत नाहीत.

आणि यानंतर लगेच काय येतं बघा. देवाचं देऊळ मोडकळीला आलं होतं, ते नीट करावंसं वाटलं. बस, इथून वळण. देहूतलं हे विठ्ठलाचं देऊळ म्हणजे पूर्वज विश्वंभरबाबांपासून घरात चालत आलेली सेवा. तुकोबांनी जवळचं, आपलंच, पडकं होतं ते हातात घेतलं. मग एकादशीला कीर्तन सुरू केलं. सुरुवातीला अभ्यासात चित्त नव्हतं, असं ते स्वतःच सांगतात! पुढे गाणाऱ्यांच्या मागे ध्रुपद धरलं, शरीर झिजवून जमेल तेवढं लोकांच्या उपयोगी पडले.

दुसरी गोष्ट या अभंगात नाही, ती चरित्रकार महिपतींनी सांगितली आहे. वडिलांच्या काळापासूनची लोकांची कर्जखतं घरात होती. तुकोबांनी ती धाकट्या कान्होबासोबत वाटून घेतली आणि स्वतःचा निम्मा वाटा इंद्रायणीत बुडवला. कान्होबाचा वाटा त्याला दिला, कारण आपल्याच वाट्याचं सोडता येतं.

म्हणजे वारशात दोन गोष्टी आल्या. देऊळ दुरुस्त केलं, खतं बुडवली. मला वाटतं, आईवडिलांच्या मागे भरभरून जगणं म्हणजे हीच निवड.

पप्पांच्या डायरीत उसनवारीच्या नोंदी होत्या. काकांच्या नावावर ४० हजार, खाली लाल पेनाची रेघ. त्या पैशांवरून दोघं भाऊ आठ वर्षं बोलत नव्हते. पप्पा गेल्यावर तो राग मी सांभाळत होतो, जणू पीएफचे कागदच! तुकोबांची गोष्ट वाचून आधी आईला आणि ताईला विचारलं, कारण पैसे त्यांचेही होते. आई म्हणाली, "त्यांचा राग त्यांच्याबरोबर गेला. तू कशाला ओझं वाहतोस?"

ते पान मी फाडलं. इंद्रायणीत नाही टाकलं, तिला आधीच खूप सोसायला लागतंय. रविवारी चिखलीला काकांकडे गेलो. पैशाचा विषय कुणी काढला नाही. काकूंनी चहा केला. निघताना काका एवढंच म्हणाले, "शर्ट दादाचा घातलायस ना?" मला उत्तर देता आलं नाही.

हे झालं सोडणं. जपायला पप्पांचे टाळ होते. आमच्याजवळच्या देवळात ते एकादशीला भजनाला जायचे. आता मी जातो. गळा नाही, ताल चुकतो, म्हणून मागे बसून ध्रुपद धरतो. शिफ्ट असली की एकादशी बुडते. यंदा पूर्ण वारी जमली नाही, एका दिवसाची रजा टाकून आळंदी ते पुणे चाललो. टाळ त्यांचेच होते.

कंपनीच्या बसमधून भामचंद्र डोंगर दिसतो. तुकोबा तिथे चिंतनाला बसले होते. पूर्वी मोबाईलमधून मान वर होत नसे. आता डोंगर दिसला की मनातल्या मनात पप्पांना सांगतो, चाललंय माझं.

आजचा अभ्यास: एका कागदावर दोन ओळी लिहा. आईवडिलांकडून आलेलं काय मी दुरुस्त करणार? काय बुडवणार? दुःख ताजं असेल तर घाई नको, आज नुसतं रडलात तरी चालेल. तुकोबांनीही आधी दुःखालाच दुःख म्हटलं. आणि आईवडील असतील तर कागद राहू द्या, आधी त्यांना फोन लावा.

पांडुरंगा, जे मोडलंय ते उचलायला हात दे, जे टोचतंय ते सोडायला मन दे.

राम कृष्ण हरी!