*साप्ताहिक स्वाध्याय : आरशातल्या बाई*

मागच्या स्वाध्यायात आपण 'मी कोण?' हा प्रश्न घेतला होता. आज त्याचीच एक अवघड बाजू पाहू.

आमच्या सासूबाई ८१ वर्षांच्या. एका संध्याकाळी कपाटाच्या आरशासमोर उभ्या राहून मला म्हणाल्या, "अगं, या बाई केव्हाच्या उभ्या आहेत, चहा तरी विचार त्यांना." मी हसून म्हटलं, "आई, त्या तुम्हीच आहात." त्या गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझे केस काळे आहेत गं." डोळ्यांत पाणी होतं. मी बोलले ते खरंच होतं, पण त्याने कुणाचं भलं झालं?

*हे का होतं?*
आरशातला चेहरा आपला, हे आपण जन्मतः ओळखत नाही. मूल साधारण दीड-दोन वर्षांचं झालं की ते कळू लागतं. त्यासाठी डोळे पुरत नाहीत. आरसा म्हणजे काय हे समजावं लागतं आणि समोरचा चेहरा आठवणीतल्या चेहऱ्याशी जुळावा लागतो. स्मृतिभ्रंशात, म्हणजे डिमेन्शियात, ही जुळणी बिघडू शकते. अल्झायमरच्या आजारात बहुधा अलीकडच्या आठवणी आधी जातात, जुन्या जास्त टिकतात. मग मनात स्वतःचं रूप तिशीतलं असतं आणि आरशात दिसते म्हातारी. ती परकीच वाटणार! सगळ्यांनाच असं होत नाही, पण झालं तर तो हट्ट नव्हे, वेडेपणाही नव्हे.

१९०१ साली जर्मनीत फ्रँकफर्टच्या रुग्णालयात डॉ. आलोइस अल्झायमर यांनी आउगुस्टे डेटर या ५१ वर्षांच्या बाईंना तपासलं. पतीचं नाव विचारलं तर त्यांनी स्वतःचंच सांगितलं. स्वतःचं नाव लिहायला दिलं तर ते पुरं होईना. आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत, असं त्या म्हणत. म्हणजे हरवल्याचं दुःख त्यांना कळत होतं. १९०६ मध्ये त्या वारल्या. पुढे या आजाराला डॉक्टरांचं नाव मिळालं.

*आपल्यासाठी बोध*
काही जण म्हणतात, "देहभान सुटलं, चांगलंच झालं की." असं म्हणू नये. ज्ञान्याचा 'मी' गळतो तेव्हा भय जातं. इथे तर भय वाढतं. हा मेंदूचा आजार आहे.

पण निर्वाणषटक आठवा. तिथे सुरुवातीलाच मन, बुद्धी, अहंकार आणि चित्त बाजूला सारलेले आहेत. आठवणी चित्तात असतात. त्या पुसल्या म्हणून आतला साक्षी पुसला जात नाही. मात्र हे आजारी माणसाला शिकवायचं नाही, आपण सेवा करताना धरून ठेवायचं.

*घरात काय करावं?*
१. "मी कोण, ओळखलंत का?" अशी परीक्षा घेऊ नका. "आई, मी सुनीता, तुमची सून," असं आपणच सांगा.
२. आरशाची भीती वाटत असेल तर त्यावर कापड टाका. दिवेलागणीला खिडकीचे पडदे ओढा, अंधार पडला की काचेतही प्रतिबिंब दिसतं.
३. वाद घालू नका. आधी भीती घालवा, मग लक्ष दुसरीकडे वळवा.
४. एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ वाढला तर लगेच डॉक्टरांना दाखवा. लघवीतला संसर्गही कारण असू शकतो. अंगारा श्रद्धेने लावा, पण औषध थांबवू नका.
५. सेवा एकट्या सुनेवर किंवा लेकीवर टाकू नका. तिलाही झोप हवी.

हल्ली आई आरशापाशी थांबल्या की मी म्हणते, "त्या बाईंचा चहा झालाय, आता आपण घेऊ." त्या निवांत येऊन बसतात. स्वतःचं नाव सांगताना अडखळतात, पण आरती सुरू झाली की टाळी चुकत नाही. आयुष्यभराची सवय अशी खोल रुजलेली असते.

*या आठवड्याचा संकल्प :* घरातल्या किंवा शेजारच्या एका विसराळू वृद्धापाशी रोज दहा मिनिटं बसायचं. काही विचारायचं नाही, फक्त हात हातात घेऊन नाम घ्यायचं. त्यांना आपण आठवलो नाही तरी चालेल, आपल्याला ते आठवतात ना!

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥