शोभेच्या समुद्री माशांचा जोडधंदा : हौशी शेतकऱ्यास कांहीं सूचना

शेतीस कांहीं तरी जोडधंदा हवा, ही गोष्ट आमच्या वाचकांस आतां पटवून द्यावी लागत नाहीं. गाई, कोंबड्या, मधमाशा, रेशमाचे किडे ह्यांविषयीं आपल्या मासिकांत वेळोवेळीं लेख येतच असतात. आजचा विषय जरा निराळा आहे. कांचेच्या पेटींत समुद्राचें खारें पाणी भरून त्यांत रंगीत मासे पाळण्याची हौस शहरांतून आतां खाडीकांठच्या गांवांपर्यंत आली आहे. आणि जेथें हौस येते तेथें तिचा धंदा करावा हा विचारहि मागोमाग येतो. आमच्या घरीं तो आमच्या चुलत बंधूंच्या तोंडून आला. गेल्या माघांत ते आमच्याकडे आले व म्हणाले, "दादा, खाडीलगतचे वीस गुंठे गहाण टाकतों आणि माशांच्या बिजाचा कारखाना काढतों. तुमच्या एका जोडीनें घरबसल्या अंडीं घातलीं, मग माझ्या पन्नास जोड्या कां घालणार नाहींत ?"

आमची सारी नोकरी तालुका कचेरींतील महसुली दप्तरांत गेली. सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यांत बोजा चढविल्याच्या नोंदी आम्हीं पुष्कळ लिहिल्या. बोजा उतरविल्याच्या त्या मानानें थोड्या. म्हणून बंधूंस होकार किंवा नकार न देतां आमच्या पेटीचा सहा वर्षांचा रोजमेळ त्यांच्यापुढें ठेविला. त्यांतून जो बोध निघाला तोच येथें देत आहों. तो थोडक्यांत असा कीं, पाणी, पिलांचें अन्न आणि गिऱ्हाईक ह्या तीन गोष्टी ज्याच्या हातीं आल्या नाहींत त्यानें जोड्या वाढवूं नयेत. आणि ह्या तिन्ही गोष्टी एका जोडीवर शिकतां येतात, त्यासाठीं जमीन गहाण टाकावी लागत नाहीं.

१. पाणी

आम्ही निवृत्त झालों त्या वर्षीं मुलानें एक पेटी आणून दिली. चौथ्या दिवशीं तींत पांच मासे सोडले. बाराव्या दिवशीं एकहि उरला नाहीं. आम्हीं दुकानदारास बोल लाविला, परंतु चूक आमची होती. शेतकऱ्यास ती लवकर समजेल. शेतांत घातलेल्या युरियाचा प्रथम अमोनिया होतो. मग जमिनींतील सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट व पुढें नायट्रेट करतात. पेटींत मासा स्वतःच अमोनिया बाहेर टाकतो, व उरलेलें अन्न कुजून त्यांत भर पडते. अमोनिया व नायट्राइट हीं दोन्ही माशास विषासमान आहेत. तीं पचविणारे जंतु नव्या पेटींत नसतात. ते पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस पेटी माशांवांचून चालू ठेवावी, रोज चिमूटभर अन्न टाकावें, आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याचें तपासणीच्या औषधानें पाहिल्यावरच पहिला मासा सोडावा. नांगरट व मशागत न करतां पेरणारास जें फळ मिळतें तेंच आम्हांस मिळालें.

दुसरी चूक मिठाची. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. तेव्हां पाण्यांत मिठागरांतलें मीठ कालविलें कीं झालें, असें पुष्कळांस वाटतें. तें खरें नव्हे. मीठ धरतांना जें कडू पाणी मागें राहतें त्यांत समुद्राचें बहुतेक मॅग्नेशियम निघून जातें, व तें माशास लागतें. खाडीपासून दूर राहणारास मत्स्यालयाचें तयार मीठच विकत घ्यावें लागतें. हजार लिटरच्या टांकीस तें ३५ किलो लागेल. समुद्राजवळ राहणारानें पाणी आणावें, पण मे महिन्याच्या आंत. पावसाळ्यांत खाडीचें पाणी गोडसर व गढूळ होतें. आणलेलें पाणी गाळून, झांकून, अंधारांत सांठवावें व वापरण्यापूर्वीं त्याचा खारेपणा मापकानें पाहावा.

तिसरी गोष्ट पुष्कळ हौशी लोक चुकतात. पेटींतलें पाणी उन्हाळ्यांत आटतें तेव्हां केवळ पाणी उडून जातें, मीठ मागें राहतें. म्हणून आटलेली भर गोड्या पाण्यानेंच घालावी. आम्हीं पहिल्या उन्हाळ्यांत ती खाऱ्या पाण्यानें घातली, व महिन्याभरांत पेटींतील खारेपणा समुद्राहून फार वाढला. नळाच्या पाण्यांतील क्लोरिन उडवून दिल्यावांचून तें वापरूं नये, व पितळेची किंवा तांब्याची वस्तु ह्या पाण्यास लागूं देऊं नये.

२. बीज

धंद्यास आरंभीं कोणता मासा घ्यावा ? आमच्या मतें क्लाऊन, म्हणजे नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे असलेला मासा, ज्याला २००३ सालच्या एका बोलपटापासून मुलें 'नीमो' म्हणूं लागलीं. अमेरिकेंतील फ्लॉरिडा राज्यांत मार्टिन मो ह्यांनीं १९७० च्या दशकाच्या आरंभीं ह्या जातीचें बीज टांक्यांत वाढवून विक्रीस काढलें. आपल्याकडे १९४७ सालीं स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें तामिळनाडूंतील मंडपम् येथें त्याची रीत बसविली. नवी मुंबईंत ऐरोली येथें कांदळवन प्रतिष्ठान व राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो ह्यांनीं त्याचें उबवणी केंद्र काढलें, आणि ह्याच ब्यूरोनें लक्षद्वीपांत अगत्ती बेटावरील स्त्रियांस शोभेच्या समुद्री जीवांची पैदास शिकविली. तेव्हां ही विद्या आतां गुप्त राहिलेली नाहीं.

ह्या माशाची एक गंमत जोडी लावतांना कामास येते. सर्व पिलें प्रथम नर होऊं शकतात, व कळपांतील सर्वांत मोठा मासा मादी होतो. म्हणून सहा लहान मासे एकत्र वाढवावे. जे दोन इतरांस हांकून एका कोपऱ्यांत राहतील ती जोडी समजावी व निराळी करावी. समुद्रांतून धरलेले मासे न घेतां टांकींत जन्मलेलेच घ्यावे. धरलेल्यांबरोबर रोग घरांत येतात. जोडी अंडीं घालूं लागण्यास वर्ष किंवा त्याहून अधिक लागतें. बंधूंच्या हिशेबांत हें वर्ष मुळींच धरलेलें नव्हतें. गहाणाचें व्याज मात्र पहिल्या महिन्यापासून धांवलें असतें.

समुद्रांत हा मासा समुद्रफुलाच्या आश्रयानें राहतो, पण टांकींत त्याची जरुरी नाहीं. मातीचें साधें खापर किंवा फरशीचा तुकडा त्यास पुरतो. पाणी २६ ते २८ अंश सेल्सियस असावें. चांगली जोडी महिन्यांतून दोनदां खापरावर कांहीं शें अंडीं चिकटविते व नर त्यांवर पंखानें वारा घालीत राहतो. सातव्या किंवा आठव्या दिवशीं, दिवे मालविल्यावर तास दोन तासांत, अंडीं फुटतात. त्याच संध्याकाळीं खापर उचलून निराळ्या टांकींत, हवेच्या बारीक बुडबुड्यांखालीं ठेवावें.

खरी कसोटी येथून पुढें आहे. आमचीं पहिल्या वेताचीं पिलें शेंकड्यांनीं निघालीं आणि तिसऱ्या दिवशीं सकाळीं टांकी रिकामी होती. पिलांचें तोंड इतकें बारीक असतें कीं कोणतेंहि विकत मिळणारें भुकटीचें अन्न त्यांस घेतां येत नाहीं. त्यांस रोटिफर नांवाचा, डोळ्यांस केवळ पांढऱ्या ठिपक्याएवढा दिसणारा जिवंत जीव लागतो. रोटिफरास हिरवें सूक्ष्म शेवाळ लागतें. तेव्हां आधीं शेवाळ, मग रोटिफर, मग पिलें, असा क्रम आहे. गाय विण्यापूर्वीं वैरणीची सोय करावी तसेंच हें. आठवड्यानंतर पिलांस आर्टेमिया, म्हणजे तीव्र खाऱ्या पाण्यांत होणाऱ्या सूक्ष्म कोळंबीचीं नुकतींच निघालेलीं पिलें, देऊं लागावें. दहा ते पंधरा दिवसांत अंगावर पट्टा दिसूं लागतो व मोठा धोका टळतो. विक्रीयोग्य होण्यास सुमारें चार महिने लागतात. आमच्या दुसऱ्या वेतांतून एकहि पिलूं वांचलें नाहीं. तिसऱ्यांतून नऊ वांचलीं. हवेचा पंप विजेवर चालतो, म्हणून बॅटरीचा दुसरा पंप तयार ठेवावा. आषाढांतील एका वादळी रात्रीनें आम्हांस तोहि धडा दिला.

३. कायदा

पेटी शोभिवंत करण्यासाठीं प्रवाळ, समुद्रपंखे किंवा समुद्रघोडे आणूं नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टांत हे जीव २००१ सालीं घालण्यांत आले. ते धरणें व विकणें हा गुन्हा आहे. एखादा विक्रेता "सगळेच ठेवतात" असें सांगेल. पंचनाम्यांत तें वाक्य उपयोगी पडत नाहीं, हें आम्ही अनुभवानें सांगतों. धंदा आरंभण्यापूर्वीं जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयांत जाऊन कोणती परवानगी लागते तें लेखी विचारावें. २०२० सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेंत शोभेच्या माशांच्या पैदाशीस सर्वसाधारण लाभार्थ्यास ४० टक्के व स्त्रिया आणि अनुसूचित जाति-जमाती ह्यांस ६० टक्के साहाय्य ठरविलें होतें. अर्ज करतेवेळीं काय चालू आहे तें तेथेंच विचारून घ्यावें, व साहाय्य हातीं पडेपर्यंत खर्च आपलाच आहे असें समजून चालावें.

४. हिशेब

हौशी मनुष्य माशाची किंमत धरतो, बाकी कांहींच धरीत नाहीं. पुढील आंकडे केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठीं घेतले आहेत. प्रत्येकानें आपापले घालावे. समजा, एका वेताचीं पिलें चार महिने वाढविण्यास वीज ४,८०० रुपये, मीठ १,५००, अन्न २,००० व टांक्यांची झीज २,४०० रुपये लागली. रोज एक तास काम, तासाचे ६० रुपये, म्हणजे १२० दिवसांचे ७,२००. एकूण १७,९०० झाले. ४५ मासे विकण्याजोगे झाले तर एक मासा सुमारें ३९८ रुपयांस पडला. १२० झाले तर सुमारें १४९ रुपयांस. खर्च तोच, पाणी तेंच, जोडी तीच. फरक पिलें वांचण्यांत आहे. म्हणून जोडी वाढविणें ही पुढची पायरी, पिलें वांचविणें ही आधींची.

घरच्या माणसांची मजुरी धरावयाचीच. आमच्या रोजमेळांत पहिलीं तीन वर्षें ती नव्हती, म्हणून नफा दिसत होता. ती घातल्यावर तिन्ही वर्षें तोटा निघाला. तें पान बंधूंनीं दोनदां वाचलें.

गिऱ्हाईक आधीं शोधावें. खाऱ्या पाण्याची पेटी ठेवणारे लोक गोड्या पाण्याच्या मानानें थोडे, व ते बहुतेक मोठ्या शहरांत. तीन चार दुकानदारांस भेटून, महिन्यास किती मासे, कोणत्या आकाराचे व कोणत्या भावानें घेणार, हें विचारून लिहून घ्यावें. मासे पाठवितांना एक दिवस उपाशी ठेवावे, पिशवींत एक हिस्सा पाणी व दोन हिस्से प्राणवायु भरावा, आणि उन्हाची वेळ टाळावी.

५. सांडपाणी

शेतकऱ्यानें जी गोष्ट सर्वांआधीं विचारावी ती आम्हीं शेवटीं ठेविली आहे. हजार लिटरच्या टांकींतलें दहावा हिस्सा पाणी दर आठवड्यास बदलावें लागतें. त्या १०० लिटरांत साडेतीन किलो क्षार असतात. वर्षाच्या ५२ आठवड्यांत १८२ किलो. हें पाणी परसांत, पाटांत किंवा विहिरीजवळ ओतलें तर आपल्या हातानें जमीन खारवट केल्यासारखें होईल. ज्यांच्या वडिलांनीं बांध घालून खारजमीन भातास आणली त्यांस ह्याहून अधिक सांगणें नको. कांठावरच्या गांवीं हें पाणी कोठें सोडावें तेंहि कार्यालयांत विचारून ठरवावें, आणि नको झालेले मासे खाडींत कधींहि सोडूं नयेत. घाटावरील वाचकांनीं ही हौस म्हणून एक पेटी ठेवण्यास हरकत नाहीं; धंद्यासाठीं मात्र ही जागा खाडीकांठाचीच, असें आमचें मत झालें आहे.

बंधू त्या दिवशीं जरा रागावूनच गेले. पंधरा दिवसांनीं परत आले ते एक जोडी मागण्यासाठीं. आम्हीं ती दिली, व बरोबर एक कोरी वही दिली. त्यांनीं पडवींत दोन टांक्या मांडल्या आहेत आणि तूर्त ते शेवाळ व रोटिफर वाढविण्यास शिकत आहेत. पहिल्या वेतांतील एकहि पिलूं वांचलें नाहीं, दुसऱ्यांतील अकरा वांचलीं. आमच्याहून दोन अधिक, हें ते भेटेल त्यास सांगतात. वीस गुंठ्यांत यंदा नेहमींप्रमाणें भात लावलें असून सातबाऱ्यावर बोजा नाहीं. लागोपाठ सहा वेतांचा हिशेब मजुरी धरून नफ्यांत आला तर दुसरी जोडी घ्यावी, असें आम्हां दोघांचें ठरलें आहे. ज्या वाचकांस हा धंदा करावासा वाटेल त्यांनींहि हीच मर्यादा घालून घ्यावी, आणि पहिली खरेदी रोजमेळाची वही ही करावी.