पिशवीवरची शाई आणि दुकानाची पत

कापडाची निवड आम्ही डोळ्यांत तेल घालून करतो. पण ते ज्या पिशवीतून गिऱ्हाइकाच्या घरी जाते, तिच्याकडे क्वचितच पाहतो. 2018 साली महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आली आणि वरसे-रोह्याच्या बाजारात आम्ही कागदी पिशव्या छापून घेऊ लागलो. ईदच्या हंगामात घाईने छापलेल्या पिशवीची शाई पांढऱ्या कापडाला लागली. कापड बदलून द्यावे लागले; शरमिंदगी झाली ती वेगळीच. दोष छापणाऱ्याचा होता तसा आमचाही. "उद्याच हवे आणि स्वस्त हवे" हा हट्ट आमचाच होता. पुढे आम्ही यंत्राजवळ उभे राहून हे काम समजून घेतले.

या छपाईला फ्लेक्सो म्हणतात. पूर्वी हिला अ‍ॅनिलिन छपाई म्हणत. 1952 साली अमेरिकेत फ्लेक्सोग्राफी हे नाव ठरले. तत्त्व रबरी शिक्क्याचेच आहे. रोलरवर उठावाची लवचीक प्लेट चिकटवतात. अ‍ॅनिलॉक्स नावाच्या दुसऱ्या रोलरवर बारीक खड्डे असतात. ते शाईने भरतात, पाते जादा शाई खरवडून काढते आणि मोजकीच शाई प्लेटला मिळते.

नुकसान कुठे होते ते आता पाहू.

पहिले, दाब. शिक्का जोरात दाबला की अक्षरे पसरतात. प्लेट कागदाला जेमतेम टेकावी. छपाई फिकी आली की कारागीर दाब वाढवतो. पण बहुधा दोष अ‍ॅनिलॉक्सच्या खड्ड्यांत वाळलेल्या शाईचा असतो. काम संपताच तो रोलर धुवावा.

दुसरे, शाईचा घट्टपणा. तळाला भोक असलेला कप शाईने भरावा आणि तो किती सेकंदांत रिकामा होतो ते घड्याळावर मोजावे. अंदाजाने पाणी घालू नये. पाण्यावरच्या शाईचा पीएच साधारण 8.5 ते 9.5 ठेवतात, तो उतरला की शाई घट्ट होते.

तिसरे, वेळ. मिनिटाला 100 मीटर चालणारे यंत्र 20 मिनिटे थांबले तर 2,000 मीटरचे काम बुडाले. म्हणून पुढच्या कामाची प्लेट यंत्र चालू असतानाच दुसऱ्या रोलरवर चिकटवून तयार ठेवावी. फिक्या रंगाची कामे आधी आणि गडद रंगाची नंतर घेतली तर धुण्याचा वेळ वाचतो.

चौथे, नोंद. प्रत्येक कामाची शाई, सेकंद, अ‍ॅनिलॉक्स आणि वेग वहीत लिहावा. पुढच्या वेळी जुळवाजुळवीत वाया जाणारा कागद त्याने कमी होतो. या चार गोष्टी साधल्याशिवाय कर्ज काढून नवे यंत्र घेणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे होय.

आता आम्हा दुकानदारांचे काम. हंगामापूर्वी महिनाभर ऑर्डर द्यावी. एक-दोन रंगांवर भागवावे. प्रत्येक रंगाला वेगळी प्लेट लागते. नमुन्यावर सही करून एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. माल आला की पांढऱ्या कापडाचा ओलसर तुकडा छपाईवर दहा वेळा घासावा. रंग उतरला तर गठ्ठा उघडू नये, परत पाठवावा.

आम्ही आता तसेच करतो. पिशवीमागे काही पैसे जास्त जातात. पण पिशवीवर आपल्या दुकानाचे नाव असते, आणि नावाला लागलेला डाग कापड बदलून दिल्याने निघत नाही.