खुर्ची आधी, टेबल नंतर

चि. मुग्धा,

ऑफिसचा नकाशा आणि वर्कस्टेशनचं कोटेशन नीट पाहिलं. खुर्च्यांसाठी उरलेली रक्कम बघून काळजी वाटली. रिटर्न भरायच्या दिवसांत तुझी माणसं रात्री उशिरापर्यंत बसणार. काचेच्या पार्टिशनचे पैसे कमी कर, पण खुर्चीत काटकसर नको.

शोरूममध्ये पाच मिनिटं बसून खुर्ची कळत नाही. नमुन्याची एक मागव आणि ऑफिसातल्या सर्वांत बुटक्या व सर्वांत उंच माणसाला त्यावर दिवसभर बसव. आपल्याकडे टेबल साधारण ३० इंच उंचीचं येतं. कोपर टेबलाला जुळवायला बुटकी मुलगी खुर्ची वर घेते, मग पाय लोंबकळतात, सीटची कड मांडीखाली रुतते आणि संध्याकाळपर्यंत पायांना मुंग्या येतात. तिला फूटरेस्ट हवाच. खुर्चीचे हात वरखाली होणारे घे. नाहीतर ते टेबलाला अडतात आणि माणूस कडेवर बसून, पुढे वाकून काम करतो.

पार्टिशन चार फुटांच्या वर नेऊ नकोस. बसल्यावर आडोसा मिळतो आणि उभं राहिलं की सगळे दिसतात. काचेवरून आवाज परत येतो. तुमच्याकडे दिवसभर क्लायंटचे फोन, तेव्हा कापडी पॅनेल बरं. त्यावर टाचणीने कागदही लावता येतात.

अशा पॅनेलांचं क्युबिकल मूळचं अमेरिकेतल्या हर्मन मिलर कंपनीचं. रॉबर्ट प्रॉप्स्टने १९६८ साली हलवता येणारी पॅनेलं आणली ती माणसाला मोकळं, कामाप्रमाणे बदलता येणारं ठिकाण मिळावं म्हणून. कंपन्यांनी जागा वाचवायला त्यांची चौकोनी खुराडी केली, आणि त्याचं दुःख प्रॉप्स्टने पुढे उघडपणे बोलून दाखवलं. तुझा कंत्राटदार त्याच हॉलमध्ये आणखी दोन सीट बसवून दाखवतोय, ते म्हणूनच मला पटत नाही.

लाकूडकामात एकच बघ. पार्टिकल बोर्डाचे पाय फरशीला टेकले की रोजच्या पोछ्याचं पाणी पिऊन फुगतात. खाली लोखंडी पाय घे, आणि कडांना दोन मिलिमीटरची पट्टी लावून घे.

प्लग टेबलाच्या वर हवेत. यूपीएसचे पॉइंट वेगळे, साधे वेगळे. लेझर प्रिंटर यूपीएसवर जोडू नकोस, गरम होताना तो फार करंट ओढतो. इलेक्ट्रिशियनचा नकाशा आल्याशिवाय अ‍ॅडव्हान्स देऊ नकोस. आला की मला पाठव.

तुझा,
मामा