अंदाज पावसाचा

(उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत हवामानाचे अंदाज येतात. ते कसे तयार होतात, त्यांचा अर्थ काय आणि दुष्काळी भागात ते कसे वाचावेत, याची माहिती या पाठात दिली आहे.)

उन्हाळा लागला की धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात घरोघरी तेच प्रश्न ऐकू येतात. विहिरीला पाणी किती उरले? बोअर किती दिवस चालेल? टँकर केव्हा येईल? या सर्वांच्या मागे एक मोठा प्रश्न असतो : यंदा पाऊस कसा होईल?

या जिल्ह्यात धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, वाशी, भूम आणि परंडा असे आठ तालुके आहेत. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात आणि कोकणात धो धो बरसतात. पलीकडे येईपर्यंत त्यांच्यातील पाणी कमी झालेले असते. म्हणून हा जिल्हा पर्जन्यछायेत येतो. शिवाय येथील जमिनीखाली काळा कातळ आहे. त्यात पाणी फारसे साठत नाही. एक पावसाळा हुकला, की पुढचा उन्हाळा कठीण जातो.

२०२३ साली असेच झाले. त्या वर्षीचा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत धाराशिव, लोहारा आणि वाशी हे तीन तालुके होते. अशा दुष्काळात लोकांचे डोळे पुढच्या पावसाकडे लागले. १५ एप्रिल २०२४ रोजी भारतीय हवामान विभागाचा अंदाज आला : देशात सरासरीच्या १०६ टक्के पाऊस पडेल.

हा अंदाज कोणी आकाशाकडे पाहून सांगत नाही. हवामान विभागाची स्थापना १८७५ साली झाली. १८८६ साली या विभागाने पावसाचा पहिला दीर्घ मुदतीचा अंदाज दिला. तेव्हा हिमालयावरील बर्फ किती आहे, हे मुख्यतः पाहिले जाई. आता उपग्रह, संगणक आणि समुद्रांचे तापमान यांचा उपयोग होतो. दूरच्या प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा जास्त तापले, तर त्याला ‘एल निनो’ म्हणतात. एल निनोच्या वर्षी आपल्याकडे पाऊस कमी पडण्याचा धोका वाढतो. २०२३ साली एल निनो होता. पण १९९७ सालीही मोठा एल निनो होता आणि तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला. म्हणजे धोका वाढतो, खात्री होत नाही.

आता ‘१०६ टक्के’ म्हणजे काय ते पाहू. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत देशात सरासरी सुमारे ८७ सेंटिमीटर पाऊस पडतो. ही सरासरी म्हणजे १०० टक्के. ९६ ते १०४ टक्के पाऊस झाला, तर तो सर्वसाधारण मानतात. ९० टक्क्यांहून कमी झाला, तर तो अपुरा मानतात. २०२४ साली प्रत्यक्षात १०८ टक्के पाऊस झाला. अंदाज बराचसा खरा ठरला.

परंतु विद्यार्थी मित्रांनो, एक गोष्ट ध्यानात ठेवा. हा आकडा साऱ्या देशाचा असतो. तो तुमच्या गावाचा नसतो. पाऊस कोणत्या दिवशी येईल आणि मध्ये किती दिवस दडी मारेल, हेही त्यातून कळत नाही. ज्या भूम-परंडा भागात पाण्यासाठी वणवण होते, त्याच भागात सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टी होऊन पूर आला. उभी पिके पाण्यात गेली.

उन्हाळ्याच्या शेवटी घरातील वडीलधारी माणसे विचारतात, “बेटा, पेपरात पावसाचं काय आलंय?” तेव्हा फक्त मोठा आकडा वाचून दाखवू नका. पुढची बातमीही वाचा. मृगाची एक सर पडली, की पेरणीची घाई होते. नंतर पावसाने ओढ दिली, तर अंकुर करपतात. सोयाबीनचे महागडे बियाणे वाया जाते आणि दुबार पेरणीसाठी कर्ज काढावे लागते. म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, असा सल्ला कृषी विभाग देतो. हे एक वाक्य वेळेवर वाचून दाखवले, तर घराचे मोठे नुकसान टळू शकते.

उन्हाळ्याच्या अंदाजात ‘उष्णतेची लाट’ हेही शब्द येतात. सपाट प्रदेशात पारा ४० अंशांवर गेला आणि नेहमीपेक्षा निदान साडेचार अंशांनी वाढला, तर ती उष्णतेची लाट होय. अशा दिवशी दुपारी उन्हात जाऊ नये. वरचेवर पाणी प्यावे. जनावरांना सावलीत बांधावे.

पाऊस पाडणे आपल्या हाती नाही, पण पडलेला साठवणे आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लीटर पाणी मिळते. तुमच्या घराचे छप्पर ५० चौरस मीटर असेल आणि १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर ५,००० लीटर पाणी होते. आपल्याच जिल्ह्यातील नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळात बांध घातला गेला. त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे. पाणी अडवण्याची विद्या येथे जुनीच आहे.

पावसाचे कितीतरी शब्द तुम्हांला उर्दूतून आधीच येतात. ‘मोसमी’ हा शब्द ‘मौसिम’पासून आला आहे. ‘खरीप’ आणि ‘रब्बी’ मूळ अरबी आहेत, तर ‘हंगाम’ आणि ‘अंदाज’ फारसी. म्हणून मराठी पेपरातील हवामानाची बातमी तुम्हांला परकी वाटणार नाही. ती रोज वाचा आणि घरी समजावून सांगा.

शब्दार्थ

दुष्काळ – कहत
पर्जन्यछाया – डोंगरामुळे कमी पाऊस पडणारा प्रदेश
कातळ – सलग खडक
दडी मारणे, ओढ देणे – (पावसाने) बरेच दिवस न येणे
वणवण – एखाद्या वस्तूसाठी दूर दूर फिरणे
दुबार – दुसऱ्यांदा

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हवामान विभागाची स्थापना केव्हा झाली?
(आ) एल निनो कशाला म्हणतात?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) धाराशिव जिल्ह्यात पाऊस कमी पडतो.
(आ) पहिल्या सरीनंतर लगेच पेरणी करू नये.

प्र. ३. वाक्यात उपयोग करा : डोळे लागणे, वाया जाणे.

उपक्रम : तुमच्या शाळेच्या छपराचे क्षेत्रफळ मोजा. १० मिलिमीटर पाऊस पडल्यास किती लीटर पाणी मिळेल, ते काढा.